पंधरा पाऊणे सव्वाअकरा

आमच्या ऑफिसात चहाची वेळ चंद्र ठरवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं मी थापा मारतेय. पण कोलकात्यात सॉल्ट लेकमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी सहा वर्षं काढली आहेत, आणि चतुर्थीला तीन वाजता नि षष्ठीला साडेचारला चहा प्यायले आहे. पौर्णिमा-अमावास्येला तो सव्वाअकरालाच यायचा आणि मग दुपारभर आमचे डोळे मिटायचे. अष्टमी सगळ्यांत वाईट, कारण त्या दिवशी चहा सहाला, म्हणजे निम्मं ऑफिस घरी गेल्यावर.

हे सगळं सरांमुळे. सर आमच्या विभागाचे प्रमुख. रोज सकाळी आल्या आल्या, बॅगसुद्धा खाली न ठेवता, ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात हिरव्या पेननं लिहायचे, 'आज षष्ठी. सहा पाऊणे साडेचार.' भरतीची वेळ काढायची ही कोकणातली रीत. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशी समुद्राला पूर्ण भरती किती वाजता, ते कळतं. सरांना ही रीत त्यांच्या आजोबांनी शिकवली होती आणि सरांचं म्हणणं असं, की किनाऱ्याचं काम करणाऱ्या माणसाला या क्षणी पाणी कुठे आहे हे ठाऊक नसेल तर त्यानं खुर्चीवर बसू नये. म्हणून भरती झाली की सगळ्यांनी हातातलं काम ठेवायचं, समुद्राची आठवण काढायची आणि चहा प्यायचा. समुद्र आमच्यापासून चार-पाच तासांवर होता. आमच्या खिडकीतून दुसऱ्या ऑफिसची खिडकी दिसायची.

मी नागपूरची. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून कोलकात्याला आले आणि नियोजनाची पदवी होती म्हणून या ऑफिसात चिकटले. पहिल्याच दिवशी सरांनी माझा अर्ज चष्म्याखालून वाचला आणि मराठीत विचारलं, "नागपूर? म्हणजे तुम्हा लोकांचा समुद्र फुटाळा तलाव. पोहता येतं?"

"नाही."

"छान. मलाही नाही. काठावरच्या कामाला काठावरचीच माणसं लागतात."

तेव्हापासून मी 'नागपूरकर'. खूश असले की 'अगं नागपूरकर', आणि रागावले की 'आपण'. "आपण हा तक्ता डोळे मिटून केलात का?" असं सरांनी म्हटलं की मी तक्ता पहिल्या ओळीपासून पुन्हा करायला घ्यायचे.

आमचं काम सांगायला सोपं, करायला कठीण. राज्याचा सगळा किनारा नकाशावर चौकोनांत वाटलेला होता. प्रत्येक चौकोनात माणसांना किती बरं वाटतं, म्हणजे फिरायला, बसायला, डुंबायला, काही न करता नुसतं पाहत राहायला ती जागा किती उपयोगाची, ते आम्ही शोधायचं आणि त्याप्रमाणे रंग द्यायचा. पुढे कुठे बंधारा, कुठे रस्ता, कुठे हॉटेलं हे ठरवणारे लोक तो नकाशा पाहणार. गडद चौकोनाला हात लावायचा नाही, पांढरा चौकोन मोकळा. माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सरकार तुला समुद्रावर फिरायचा पगार देतं?" मी म्हटलं, "नाही गं, दुसरे फिरतात त्यांना मोजायचा."

मोजायचं कसं, यावर सरांचं साऱ्या जगाशी भांडण होतं. आमच्याकडे एक सल्लागार मंडळी नेमलेली होती. तरुण, चटपटीत, सगळ्यांच्या पाठीवर सारख्याच काळ्या बॅगा. लोक फोनवरून फोटो टाकतात, त्यांत जागेची नोंद असते, त्या नोंदी गोळा करून ते रंग भरत. फोटो जास्त तिथे लाल. सर तो नकाशा हातभर लांब धरून बघायचे. "हा फोनचा नकाशा आहे," ते म्हणायचे. "माणसाला खरी मजा येत असते तेव्हा त्याला फोटो काढायचं सुचतं का? आपल्या लग्नातल्या जेवणाचा फोटो काढला होतात का आपण?" सल्लागारांपैकी कोणाचंच लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे वाद तिथेच थांबायचा.

सरांचं स्वतःचं माप होतं चप्पल. समुद्रावर माणूस बस आली म्हणून येतो, बायको म्हणाली म्हणून येतो, साहेबाच्या पाहुण्यांना दाखवायला येतो. पण चपला काढून हातात घेतो तो फक्त स्वतःच्या मर्जीनं. म्हणून किनाऱ्यावर गेलं की सर बाकी काही विचारायच्या आत हातात चपला असलेली माणसं मोजायचे. मोजताना ते बंगालीत मोजायचे, "ऐक, दुइ, तीन," कारण शाळा बालीगंजातली. पाऊणकी मात्र मराठीत. त्यांच्या डोक्यात दोन भाषांचे दोन वेगळे कप्पे होते आणि समुद्राचा कप्पा मराठीचा होता.

फॉर्मवर एक प्रश्न होता, 'या किनाऱ्याला पाचपैकी किती गुण द्याल?' तो सरांनी खोडला आणि तिथे हिरव्या शाईत लिहिलं, 'आज इथे आलात हे घरी गेल्यावर कोणाला सांगणार?' सल्लागारांनी कपाळाला हात लावला. पण त्या प्रश्नाची उत्तरं मी स्वतः भरून घेतली आहेत. पाच गुण तर सगळेच देतात. सांगायला माणूस असलेले लोक मात्र उत्तर देताना हसायचे आणि नसलेले पाण्याकडे बघायचे. ते फॉर्म भरताना मला कामाचा विसर पडायचा, हे कबूल करायला हवं.

आणि हा माणूस स्वतः किनाऱ्यावर काय घालून जायचा? काळे, लेसवाले, पॉलिश केलेले बूट. भर उन्हात, मऊ वाळूत, पायांत मोजे. पाण्यापासून वीस पावलांवर घडीचं स्टूल मांडून बसायचे. मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही नाही का काढत कधी?"

"समुद्राला पाय लावायचा तर आधी नमस्कार करावा लागतो. नमस्काराला वाकावं लागतं. आणि वाकलं की माझा गुडघा वर यायला तयार नसतो. उगाच त्याच्याशी अर्धवट ओळख कशाला?"

त्यांच्या बालीगंजच्या फ्लॅटवर मी गणपतीला गेले होते. तिसऱ्या पिढीचं कोलकात्यातलं मराठी घर. मोदकात खजुराचा गूळ, आणि मुलगी आईशी मराठीत सुरू करून बंगालीत संपवत होती. काकू हसून म्हणाल्या, "आमच्याकडे शुद्ध मराठी फक्त आरतीत आणि ह्यांच्या भरतीत." भिंतीवर आजोबांचा फोटो होता. रेल्वेच्या हिशेबखात्यात लागून ते गुहागरच्या बाजूच्या एका खेड्यातून इथे आले आणि परत गेलेच नाहीत. फोटोखालच्या फळीवर त्यांची वही होती, पाऊणकीचा पाढा सुबक बाळबोधात लिहिलेली. सर ती उघडून दाखवताना हात पुसून घेत होते.

"सर, तुम्ही गावी जाता?"

"दोनदा गेलोय. एकदा मुंजीला आणि एकदा आजोबांच्या अस्थी घेऊन." मग म्हणाले, "घर, जमीन सगळं भाऊबंदांकडे गेलं. मला ही पाऊणकी मिळाली. खाशी वाटणी झाली."

मला त्या वेळी ते विनोदानं बोलतायत असंच वाटलं होतं.

सर निवृत्त व्हायला महिना उरला असतानाची गोष्ट. किनाऱ्याचा शेवटचा तक्ता पुरा होत आला होता. मोजणीची माणसं दोलपौर्णिमेच्या, म्हणजे होळीच्या, सुट्टीत पाठवली होती, कारण सुट्टीला गर्दी असते. दिवसभर ती मोठ्या, गजबजलेल्या किनाऱ्यावर होती आणि आडबाजूचे चौकोन त्यांनी सकाळी आठ ते दहा या वेळात उरकले. त्यातल्या सतराव्या चौकोनासमोर आकडा होता शून्य. फोटोंच्या नकाशातही तिथे काहीच नव्हतं. एका कोळीवस्तीच्या पलीकडची झाऊच्या, म्हणजे आपल्या सुरूच्या, झाडांची पट्टी आणि पुढे वाळू, एवढंच. तो चौकोन पांढरा ठरला तर तिथे दगडी बंधारा आणि मागे गाड्या उभ्या करायचा तळ व्हायचा होता. आराखडे तयारच होते.

सरांचा नियम असा, की स्वतः पाय लावल्याशिवाय कुठल्याच चौकोनावर सही नाही. पण त्या आठवड्यात गुडघा सुजला होता आणि वरून रोज फोन येत होते. सरांनी शून्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "पौर्णिमा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. आठ वाजता म्हणजे पाणी अर्ध्यावर. पंगत बसेल एवढी वाळू असणार. तरी एक माणूस नाही म्हणजे खरोखरच कोणी येत नाही." आणि सही केली. शेजारच्या टेबलावरचे आमचे ड्राफ्ट्समन घोषबाबू खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होते. टोक आधीपासूनच होतं, हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

चार दिवसांनी सर माझ्या टेबलापाशी आले. "अगं नागपूरकर, कमी असतं. अगदी कमी असतं. पण शून्य कसं असेल? वाळू आहे, सावली आहे, मागे वस्ती आहे. एखादं भांडलेलं जोडपं तरी?"

"सर, सही झालीय."

"सही हाताची झाली. पायाची राहिलीय. उद्या अष्टमी. आठ पाऊणे सहा. सहाला भरती म्हणजे बारा वाजता पुरती ओहोटी. साडेअकराला पोचू."

सकाळी लवकर निघालो आणि बरोबर साडेअकराला पोचलो. समोर लांबच लांब, ओली, कडक वाळू. आणि तिच्यावरून आमच्या दिशेनं पंधरा-वीस बाया चालत येत होत्या, साड्या खोचलेल्या, आणि प्रत्येकीच्या हातात चपला. मागून एक आजोबा सायकल ढकलत होते. सर जागच्या जागी उभे राहिले. "ऐक, दुइ, तीन," त्यांनी सुरुवात केली आणि सातावर थांबले. "या परत का चालल्यात? अजून अर्धा तास पाणी मागे जाणार आहे."

त्यांनी स्टूल उघडलं, या वेळी थेट पाण्याच्या कडेला मांडलं, बसले, आणि गुडघ्यावर सतराव्या चौकोनाचा तक्ता पसरला. बायांपैकी एक थांबली. चाळिशीची, कोपराला खरचटलेलं. नाव मालती, हे नंतर कळलं. तिनं सरांकडे, मग स्टुलाकडे, मग पाण्याकडे पाहिलं.

"दादू, ओखाने बोसबेन ना. जल आसछे." तिथे बसू नका, पाणी येतंय.

"आसछे ना, जाच्छे," सर ठामपणे म्हणाले. येत नाही, जातंय. "बारोटा पोर्जोंतो नामबे." बारापर्यंत उतरणार.

मालतीनं मैत्रिणींना हाक मारली. सगळ्या परत फिरल्या आणि काहीतरी मजा बघायला मिळणार अशा बेतानं उभ्या राहिल्या. मीही उभी होते. मला काय कळतंय, मी फुटाळ्याची. पहिली लाट स्टुलाच्या पायापर्यंत आली. सर म्हणाले, "एखादी चुकार येते." दुसरी बुटांवरून गेली. तिसरीनं सरांचे मोजे, पँटचा काठ आणि तक्त्याची खालची बाजू अशी सगळी कामं एकदम उरकली. बाया पोट धरून हसत होत्या. मालतीनंच सरांना हाताला धरून उठवलं आणि मी स्टूल ओढलं.

सरांनी घड्याळ पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या माणसानं रस्त्यात ओळख दाखवली नाही की होतो तसा चेहरा झाला होता. त्यांनी मालतीला विचारलं, आज ओहोटी किती वाजता संपली? दहाच्या सुमाराला, ती म्हणाली. आणि पौर्णिमेला सकाळी? ती पुन्हा हसायला लागली. पौर्णिमेला कुठली वाळू? साडेनऊला पाणी त्या झाऊच्या बुंध्याशी असतं. पौर्णिमेच्या सकाळी इथे वेडासुद्धा येणार नाही.

"साडेनऊ?" सर म्हणाले. "सव्वाअकरा नाही?"

"साडे नॉयटा, दादू. आमार ठाकुमाओ ताइ बोलतो." माझी आजीसुद्धा तेच सांगायची.

मग त्या उघड्या, भिजल्या किनाऱ्यावर सरांनी एकेक करून बूट काढले, मोजे पिळून बुटांत कोंबले आणि बूट हातात धरून झाऊच्या सावलीकडे चालू लागले. मी गुपचूप वही काढली आणि मोजणीत एक लिहिला. त्यांनी मागे न बघता सांगितलं, "दोन लिही. तुझ्या हातात काय आहे?"

माझ्या चपला माझ्याच हातात होत्या.

आम्ही त्या दिवशी परतलोच नाही. बाजारातल्या एका लॉजवर राहिलो आणि दुसऱ्या दिवशी मालतीच्या वेळेनं, नऊ वाजता, सतराव्या चौकोनात उभे राहिलो. पहाटे होड्या येतात, बाया मासळी निवडतात, ते काम संपलं की घरी जाऊन पुन्हा चुलीपुढे बसायच्या आधीचे हे दोन-तीन तास त्यांचे. पाय पसरून बसायचं, केस मोकळे सोडायचे, सासवांचा उद्धार करायचा. आणि सायकल शिकायची. ओली वाळू पक्क्या रस्त्यासारखी कडक, पण पडलं तर लागत नाही फारसं. त्या वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक माणूस या चौकोनात सायकल शिकलं होतं. मालतीचा सध्या तिसरा आठवडा होता. आजोबा मागून सीट धरून पळत होते आणि ती "छेडो ना! छेडो ना!" म्हणून ओरडत होती. सोडू नका. त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

सरांनी तिला आमचा प्रश्न विचारला. हे घरी गेल्यावर कोणाला सांगणार? ती म्हणाली, कोणालाच नाही, एक दिवस एकदम बाजारात सायकलवरून जाऊन नवऱ्याच्या दुकानासमोर उतरणार. सरांनी ते शब्दशः लिहून घेतलं. त्यांची वही भरली, मग माझी भरली.

परत येताना गाडीत ते दोन्ही वह्या चाळत होते. मीच म्हटलं, "सर, पत्र पाठवू की मोजणीची वेळ चुकली. मोजणाऱ्यांना तिथी कुठून कळणार?"

"मोजणारे पोरगे कशाला चुकतील? ते शून्य घेऊन आले, शून्यच होतं. त्या शून्यावर विश्वास मी ठेवला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तीस वर्षं मी दुसऱ्या समुद्राचं वेळापत्रक घेऊन या समुद्रावर फिरतोय. आणि कोणी मला सांगितलं नाही."

मला रडू आलं. एक गणित चुकलं म्हणून कोणी रडत नाही. पण भिंतीवरचा तो फोटो, हात पुसून उघडलेली ती वही, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. या माणसाला वाटणीत मिळालेली एकच गोष्ट, आणि आता ती चारचौघांत खोटी म्हणून सांगायची होती. कारण समितीची बैठक दहा दिवसांवर होती आणि सही झालेला चौकोन बदलायचा तर चूक कोणाची, कशी, हे सही करणाऱ्यानं उभं राहून सांगावं लागतं. नाहीतर बंधारा.

ऑफिसात पोचल्यावर सर सरळ घोषबाबूंच्या टेबलापाशी गेले. घोषबाबू सुंदरबनाकडच्या खाडीकाठचे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. कसं कोण जाणे, त्याचा विचार कोणी केला नव्हता.

"घोषबाबू, पौर्णिमेला भरती किती वाजता?"

घोषबाबू उभे राहिले. "साडेनऊ, पावणेदहा, स्यार."

"कधीपासून माहीत आहे?"

"जन्मापासून, स्यार."

"मग मला का नाही सांगितलंत? बावीस वर्षं शेजारी बसता!"

घोषबाबूंनी हात जोडले. "स्यार, तुम्ही रोज सकाळी इतक्या आनंदानं लिहिता. मला वाटलं, चहाचीच तर वेळ आहे. चहा कधीही प्यायला तरी चहाच." मग हातातली पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी सही करताना सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पाप झालं माझ्याकडून."

मला वाटलं आता 'आपण' येणार. सर म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर बसा. तुमच्या खाडीचं गणित शिकवा मला. नागपूरकर, तूही बस."

बैठक मोठी होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सल्लागारांचा पडद्यावरचा लालभडक नकाशा. सतराव्या चौकोनाची पाळी आल्यावर सर उठले. त्यांनी आजोबांची वही बरोबर आणली होती. वाटलं होतं ते मोजणीच्या पद्धतीवर काही भारदस्त बोलतील. त्यांनी सरळ पाढा म्हटला. मराठीत. टेबलावरच्या निम्म्या लोकांना तो मंत्र वाटला असावा. मग इंग्रजीत सांगितलं, हे माझ्या आजोबांचं गणित, त्यांच्या गावच्या समुद्राचं. ते इथे चालत नाही, इथे पाणी दीड-दोन तास आधी चढतं. मला हे तीस वर्षं कळलं नाही, कारण मी सदैव पाण्यापासून वीस पावलांवर बसलो. या चुकीच्या गणितामुळे मी एका भरल्या किनाऱ्याला शून्य दिलं. चूक माझी आहे, मोजणाऱ्यांची नाही. सही मागे घेतो.

कोणीतरी म्हणालं, एका चौकोनासाठी सगळा तक्ता अडणार? एक सल्लागार म्हणाला, पण सर, तिथे फोटो एकही नाही. सर म्हणाले, "सायकल शिकताना दोन्ही हात हँडलवर असतात." आणि आमच्या दोन वह्या टेबलावर सरकवल्या. अध्यक्षबाई पानं उलटत होत्या. एका पानावर त्या थांबल्या, हसल्या, आणि विचारलं, ही बाई नवऱ्याच्या दुकानासमोर उतरली का शेवटी? सर म्हणाले, "बंधारा झाला नाही तर उतरेल."

सतरावा चौकोन पांढरा राहिला नाही. आडबाजूच्या सगळ्या चौकोनांची मोजणी नव्यानं झाली, ओहोटीच्या वेळा घोषबाबूंनी काढून दिल्या, आणि गाड्यांचा तळ रस्त्याच्या पलीकडे गेला. बंधाऱ्याची फाइल अजून कुठेतरी जिवंत आहे असं म्हणतात. आजपर्यंत तरी तिथे झाऊच आहेत.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सर आले आणि फळ्यापाशी गेलेच नाहीत. बॅग ठेवून खुर्चीत बसले. कोपरा कोरा. आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत होतो. शेवटी घोषबाबू उठले, पंचांग उघडलं आणि आपल्या वळणदार बंगाली अक्षरांत लिहिलं, 'आज पंचमी.' आणि पुढे, पाढा तोंडपाठ असल्यासारखं, 'पौने चार.' मग सरांकडे वळून म्हणाले, "समुद्राचं समुद्रावर, स्यार. चहा कोकणचाच राहील." सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुष्कळ वेळ पुसत राहिले.

महिनाअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि घोषबाबूंच्या आग्रहानं एक चपलांचा जोड मिळाला. त्यानंतर काही दिवस कोणाला फोन नाही, काही नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, गावाला गेलेत, एकटेच, काय सुचलं कोण जाणे.

मग एका पौर्णिमेला मी टेबलाशी काम करत असताना फोन वाजला. पलीकडून नुसता आवाज, पाण्याचा. बराच वेळ तेवढाच. मी म्हटलं, "सर? कुठे आहात?"

"आजोबांच्या गावी. घोट्याभर पाण्यात. नमस्कार केलाय, गुडघा वर आलाय." दम लागला होता. "दीड तासापासून एक काठी रोवून उभा आहे. पाणी काठीपर्यंत आलं, आणि आता थांबलंय. पुढे येत नाही, मागे जात नाही. अगं नागपूरकर, तुझ्या घड्याळात किती वाजले?"

मी पाहिलं. दार लोटून आमचा चहा नुकताच आत येत होता.

"अकरा वाजून सतरा मिनिटं, सर."

"घड्याळ लावून घे," ते म्हणाले. "दोन मिनिटं पुढे आहे."